गोठ्याच्या कोनाड्यातला पक्षी

वडील कळमनुरीच्या कचेरीत कारकून होते. आठवडाभर उर्दू खरडायचे आणि शुक्रवारी, जुम्म्याच्या सुटीला कयाधूच्या पात्रात दगड उलथेपालथे करत फिरायचे. एकदा ढासळलेल्या दरडीतून त्यांनी दोन तुकडे आणले. काळपट, जड आणि आतून पोकळ. "हाडं आहेत, दगड झालेली. पोकळ आहेत म्हणजे पक्ष्याचीच," ते म्हणाले. हा कुणी थोरला पाणपक्षी असणार आणि आता तो पृथ्वीवर कुठेच उरलेला नाही, अशी त्यांची खात्रीच झाली.

आईनं त्यांना उंबऱ्यावर अडवलं. सोवळ्याओवळ्यात तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

"हाड घरात न्हाई चालायचं."

"अगं, दगड झालाय त्यांचा!"

"झालाय ना? म्हंजे आधी हाडच व्हतं."

या वकिलीनंतर तुकडे गोठ्याच्या कोनाड्यात गेले आणि वडील न्हाणीत.

पुढे त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं तो पक्षी काढायला घेतला. दोन तुकड्यांवरून अख्खा पक्षी! रोज मान लांबायची, चोच बदलायची, पायांचं तर काही ठरतच नसे. आई धार काढता काढता म्हणायची, "आज काय खाऊ घातलंत त्याला? लईच वाढून राहिला." मला त्यांचं हे वेड फार आवडायचं. त्यांची एकच हौस होती, तुकडे घरात, डोळ्यांसमोर असावेत. दर दिवाळीला ते आईला विचारून पाहायचे आणि दर दिवाळीला आई नाही म्हणायची.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या धास्तीनं आम्ही घाईघाईनं गाडी जुंपली. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात मामाकडे जायचं होतं. निघताना वडील गोठ्यात गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. कोनाडा मोकळा होता. "पोरांनी नेले असतील खेळायला," एवढंच म्हणाले आणि त्यांनी कासरा हाती घेतला. मला त्यांच्याकडे बघवेना. आई मात्र देवांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती, कुणाला हात लावू देत नव्हती.

मामाकडे पोचल्यावर आंघोळ करून तिनं गाठोडं सोडलं. बाळकृष्ण निघाला, अन्नपूर्णा निघाली, शाळिग्राम निघाला. आणि तळाशी, तिच्या सोवळ्याच्या घडीत, ते दोन तुकडे.

वडील पुढे सरकले. "अगं, हाडं ना ती?"

"दगड हायेत," आई म्हणाली आणि शाळिग्रामाशेजारी जागा करू लागली.