काडतुसांची किल्ली

नागपूरच्या विमानतळावर मला सोडायला तिघं आले होते: आई, बाबा आणि काका. एकोणीस वर्षं झाली त्याला. बाबा ड्यूटीवर उभे राहायचे तसेच उभे होते, पाठ ताठ, नजर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. माझी बॅग काकांनी धरली होती आणि ते कुणाला हात लावू देत नव्हते. "काहून रडून राहिली वं पोरी? इंग्लंडलेच चालली न, चंद्रावर नाही," म्हणत स्वतःच नाक पुसत होते. आईने पिशवीतून डबा काढला आणि तिथेच, ट्रॉल्यांच्या गर्दीत, माझ्यापुढे धरला. "आधी जेवून घे. मग जा." मी उभ्याउभ्या दोन पोळ्या खाल्ल्या. लोक बघत होते, मला लाज वाटली होती. खोटं कशाला सांगू?

आपल्या गल्लीच्या ग्रुपवर हे लिहितेय ते नागपुरात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या उठून गेलेल्यांसाठीही. विषय बंदुकीचा आहे. आमच्या घरात ती होती, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

बाबा फौजेतून निवृत्त झाल्यावर एका बँकेत गार्ड होते. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची दुनळी. बँक बंद झाली की तीही त्यांच्यासोबत सायकलवरून घरी यायची. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागायचं, शेजारी आईची विळी आणि माझा कंपासबॉक्स. एरवी ती लोखंडी कपाटात असायची आणि त्याची किल्ली बाबांच्या करदोड्याला. काडतुसं मात्र स्वयंपाकघरात, पत्र्याच्या पेटीत, कुलपात. ती किल्ली आईच्या कमरेला. सकाळी डब्याबरोबर आई दोन काडतुसं द्यायची आणि संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर परत घ्यायची. ही पद्धत बँकेची नव्हे, सरकारचीही नव्हे. बाबांनीच लग्नानंतर घालून दिली होती. "रागाचा भरवसा नाही," एवढंच म्हणायचे.

एका रविवारी दुपारी बाबा बाहेरून आले ते तोंड लालबुंद करून. मी चौदा वर्षांची, धाकटा भाऊ संदीप नऊचा. त्यांनी कपाट उघडलं, दुनळी काढली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "किल्ली दे." आई पोळ्या लाटत होती. तिने मानही वर केली नाही. "आधी जेवून घ्या. मग देते." बाबांनी पुन्हा मागितली. आईने पाट मांडला, ताट वाढलं. मला वाटलं आता काहीतरी फुटणार. पण बाबा बंदूक भिंतीला टेकवून बसले. वांग्याची भाजी, वरणभात, दोनदा ताक. हात धुतल्यावर बराच वेळ तसेच बसून राहिले आणि मग बंदूक कपाटात ठेवून आले. आई आम्हाला म्हणाली, गल्लीत पिसाळलेलं कुत्रं आलं होतं. आम्ही मान डोलावली. लहान होतो.

मी आता नॉटिंगहॅमला असते, हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. इथला पोलीस कमरेला दांडकं आणि रेडिओ लावून हाय स्ट्रीटवरून फिरतो, लोक त्याला टॉयलेट कुठे आहे ते विचारतात. लॅबमधली हेलन गावाकडे राहते. तिच्या नवऱ्याला मातीच्या तबकड्या उडवून नेम धरायचा छंद आहे. त्याच्या बंदुकीच्या सर्टिफिकेटसाठी पोलीस घरी येऊन कपाट हलवून बघून गेले आणि किल्ली कुठे असते ते बायकोलाही कळता कामा नये, असं बजावून गेले. मला हसू आलं. म्हटलं, आमच्याकडे उलटं होतं. हेलनला ते काही नीट समजलं नाही. तिने चहा केला.

संदीप अमेरिकेत, टेक्सासमध्ये. तिथे बंदुकीवरून जे चालतं ते मी टीव्हीवर बघायचे, हवामान बघावं तसं. कुठेतरी शाळेत गोळीबार, मेणबत्त्या, मग दोन्हीकडच्या लोकांची भांडणं, मग जाहिराती. आपल्याला काय करायचंय, असं वाटायचं. गेल्याच्या आदल्या दसऱ्यापर्यंत.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर होतो. संदीपने पाटावर लॅपटॉप, गाडीची चावी, ड्रिल मशीन मांडलं होतं आणि मधोमध काळं पिस्तूल. त्याला कुंकू लावून म्हणाला, "बाबा, तुमची परंपरा चालू ठेवली बघा." बाबांनी चष्मा काढून पुसला. माझी अकरा वर्षांची इरा मात्र स्क्रीनला नाक लावून ओरडली, "मामाकडे खरा बंदूक आहे?" समरच्या सुट्टीत ती तीन आठवडे मामाकडे एकटी राहायला जाणार होती. तिचं कधीच ठरून बसलं होतं.

इथे मूल मैत्रिणीकडे एक रात्र राहणार असलं तरी आया एकमेकींना विचारतात: नट्स चालतात का, कुत्रा आहे का? कुणाला राग येत नाही. पण सख्ख्या भावाला असं काही विचारायचं म्हणजे मला आठवडा लागला. नवरा म्हणाला, "तुझा भाऊ आहे, तूच विचार." शेवटी विचारलं. "संदीप, ते पिस्तूल कुठे ठेवतोस?"

"पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये."

"कुलपात?"

"ताई, कुलूप उघडेपर्यंत चोर थांबणार आहे का? पोलीस यायला इथे वीस मिनिटं लागतात. आणि माझ्या घराचं इन्स्पेक्शन तू करणार? मी काय माथेफिरू आहे?"

नव्हताच. हेच तर अवघड होतं. तो शहाणा, कामसू, बायकोच्या माहेरचंही करणारा माणूस. कायदा वाईट माणसांसाठी हवा, जबाबदार माणसाला कसला कायदा, असं तो म्हणाला. मी एवढंच म्हटलं की कुलूप नसेल तर इरा येणार नाही. तो म्हणाला, "नको पाठवूस मग." चार महिने आमचं बोलणं बंद. भाऊबीजेला त्याने मेसेजसुद्धा केला नाही. मी वरवर शांत होते, शिफ्टला जात होते, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवत होते, पण आतून जळत होते. आई गेल्यानंतर माझं माहेर म्हणजे बाबा, काका आणि हा. त्यातला एक मी स्वतःच्या तोंडाने घालवला होता.

फेब्रुवारीत बाबांनी दोघांनाही कॉलवर बसवलं. संदीपच्या मागे त्याची बायको पल्लवी उभी होती. बाबांनी प्रस्तावना केली नाही.

"त्या रविवारी कुत्रं वगैरे काही नव्हतं. तुमच्या काकानं चारचौघांत माझी टर उडवली होती. बँकेच्या दारातलं कुत्रं म्हणाला मले. मी त्याच्याकडे चाललो होतो. मीही जबाबदारच होतो, संदीप. पंधरा वर्षं फौजेत काढली होती. तुझ्या आईनं किल्ली दिली असती तर आज मी जेलात असतो आणि तो नसता. जेवून झालं तेव्हा राग होता, पण उठायचा कंटाळा आला होता."

कुणीच हसलं नाही. पल्लवी डोळ्यांना ओढणी लावत होती. संदीप म्हणाला, "बाबा, इथलं वेगळं आहे." बाबा म्हणाले, "असंल," आणि फोन ठेवला.

दोन आठवड्यांनी संदीपचा मेसेज आला. "सेफ आणला. कोड पल्लवीने सेट केला. मला सांगत नाही. काल विचारला तर म्हणते, आधी जेवून घ्या. इराचं तिकीट काढ." मी लॅबच्या किचनमध्ये उभी राहून रडले. हेलनने पुन्हा चहा केला.

इरा गेली, तीन आठवडे राहून आली, काळी होऊन आली. अमेरिकेतलं भांडण होतं तिथेच आहे. ते मिटवणं माझ्या हातात नाही, आणि संदीपचं मत बदललं असंही मला वाटत नाही.

डिसेंबरमध्ये मी नागपूरला जाऊन आले. निघताना काका विमानतळावर होतेच. सत्तरी उलटली तरी बॅग सोडत नाहीत. बाबा ट्रॉली आणायला गेले तेव्हा मी काकांकडे बघत राहिले. हे नाक, हे हात, ही बडबड. काकांनी ओळखलं. "बापानं सांगितलं वाटते तुले," म्हणाले. मी मान डोलावली.

"मले तर त्याच दिवशी कळलं होतं. संध्याकाळी वहिनी एकटी घरी आली माह्या. सगळं सांगितलं. मी थंडच पडलो. मग म्हणते, भाऊजी, पुढच्या रविवारपासून जेवायला तुम्ही यायचं, त्यांच्या बाजूलेच बसायचं. मी गेलो. तुह्या बापाले अजून माहीत नाही मले माहीत आहे म्हणून."

लहानपणी दर रविवारी काका हजर असायचे. आमच्या वाटणीची भजी संपवायचे, म्हणून मी आणि संदीप मनातल्या मनात त्यांना शिव्या द्यायचो. बाबा, तुम्ही हे आता इथेच वाचताय. रागावू नका, रागावलात तर आधी जेवून घ्या.

तेवढ्यात बाबा ट्रॉली घेऊन आले. काकांनी बॅग चढवली, नाक पुसलं आणि दर वेळी विचारतात तेच विचारलं.

"जेवून निघाली न वं पोरी?"

"हो काका," मी म्हटलं. "जेवूनच निघाले."