यादीत न आलेलं नाव

वायर खोचताना काका डोळे मिटायचे. टक् आवाज आला की डोळे उघडून म्हणायचे, "बसली. आता बोलतील दोघी." दोघी म्हणजे टेबलावरच्या दोन मशीन.

नाशकात सातपूरला माझ्या खोलीच्या खाली त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, प्रिंटर नीट करून देणारा आणि वर चहा पाजणारा. मी यवतमाळकडचा. सातवीत शाळा सुटली, पुढे इथल्या कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेसवर लागलो. पीएफचा फॉर्म ऑनलाइन भरायचा निघाला तेव्हा मी त्यांच्या दारात घाम पुसत उभा होतो.

"घाबरतो कशाला भो? चावत नाय ते."

मग रोज फर्स्ट शिफ्ट सुटली की मला समोर बसवून माउस धरायला शिकवलं. हे उपकार मी विसरणार नाही. त्यांचा नियम एकच. "इंग्रजीत काही विचारलं आन् समजलं नाय, तर हो म्हणायचं नाय. नाही म्हटल्यानं कोणाचं घर बुडत नाय."

त्यांचा जीव अडकलेला एका जुन्या गेममध्ये. रणगाड्यांचा गेम, चित्रं ठोकळ्यांसारखी. तरुणपणी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ याच दुकानात समोरासमोर बसून खेळायचे आणि गिऱ्हाईक दारात ताटकळायचं. पुढे आईच्या दहाव्याला दोघांत शब्दाला शब्द वाढला. नऊ वर्षं बोलणं नाही. दोघेही राहायला नाशकातच.

मग एका लग्नात धाकट्यानं आपणहून विचारलं, "दादा, तो गेम चालतो का रे अजून?"

तेवढ्यावर काका महिनाभर झपाटले. नव्या मशीनवर गेम सुरू व्हायचा, पण दुसरीला दिसायचा नाही. एकानं खेळ मांडला की दुसऱ्याच्या पडद्यावर, यादीत त्याचं नाव यावं लागतं, तरच आत शिरता येतं. एका शुक्रवारी नाव आलं. काका जिन्यातून ओरडले, "आलं रे! ये, पाय!"

रविवार ठरला. शनिवारी त्यांनी धाकट्यासाठी एक मशीन बदलली, मोठ्या पडद्याची आणली. तिच्यावर गेम टाकला आणि म्हणाले, "मी पेढे आणतो. उघडतो का तेवढं बघून ठेव."

उघडला. बंद केला, तर मागे इंग्रजीत एक चौकोन काहीतरी विचारत होता. मी नियमाप्रमाणे 'नाही' दाबलं. खरं सांगतो, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

रविवारी धाकटा हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. त्याच्या पडद्यावरची यादी कोरीच.

"येईल, थांब," काका म्हणाले. वायर काढली, लावली. मशीन बंद केली, चालू केली. तास गेला.

"राहू दे दादा. कशाला उगाच."

"पाच मिनिटं रे."

तो गेला. पेढा तसाच राहिला.

सोमवारी काकांना कारण सापडलं. "दुसरीशी बोलू का, असं हिनं तुला इंग्रजीत विचारलं होतं का?"

"हो. मी नाही म्हटलं."

त्यांनी खुर्ची मशीनकडे ओढली. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बरोबर केलंस," ते म्हणाले, "मीच शिकवलेलं." एक बटण दाबलं आणि नाव आलं. त्यांनी भावाला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. 'चालू झालं' असा मेसेज टाकला. त्याचंही उत्तर नाही.

तिसऱ्या आठवड्यात काकांच्या छातीत कळ आली. आम्ही रिक्षात घालून नेलं. परत आणलं ते दुकानात नाही.

तेरावा झाल्यावर धाकटा दुकान रिकामं करायला आला. आधी दोन्ही मशीनवरची धूळ पुसली. मग विचारलं, "त्या दिवशी खरंच बंद होतं का? का दादाला खेळायचंच नव्हतं?"

मी सगळं सांगितलं.  तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "लाव."

मी काकांच्या मशीनवर खेळ मांडला. त्याच्या यादीत लगेच नाव उमटलं. काकांनी तिथे स्वतःचं नाव घातलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत 'दादा' लिहून ठेवलं होतं.

त्यानं त्यावर दाबलं. मैदान उघडलं. काकांचा रणगाडा जागच्या जागी उभा. धाकट्यानं गोळी झाडली नाही. आपला रणगाडा हळूहळू त्याच्या शेजारी नेला आणि माउसवरचा हात काढून घेतला.

पडद्यावर कोणीच हलत नव्हतं.