नळ कोणत्या दिवशी येणार

बारावी संपली की पोरांना मोकळं मोकळं वाटतं, असं जे कुणी म्हणतात त्यांची बारावी आमच्या घरात झालेली नसणार. माझा शेवटचा पेपर बायोलॉजीचा होता. तो देऊन घरी आले, चपला काढते न काढते तोच आई म्हणाली, "आलीस? बरं झालं. त्या पिंपाला जरा हात लाव." पेपर कसा गेला, सोपा होता का, काही नाही. त्या दिवशी नळ आला होता, आणि नळापुढं पोरीची बारावी म्हणजे किस झाड की पत्ती!

ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीचं धरण पार तळाला गेलं होतं. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. सिडकोच्या पलीकडं आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या घरामागं बाजरी उभी असायची. मी बारावीत जाईपर्यंत बाजरी गेली, प्लॉट पडले आणि त्यावर तीन-तीन मजले चढले. माणसं वाढली, नळ वाढले, पाणी मात्र कमी झालं. ते कधी चार दिवसांनी यायचं, कधी सहा, कधी आठ, आणि आलं तर पाऊण तास. कोणत्या दिवशी येणार हे कुणालाच सांगता यायचं नाही. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला विचारलं की तो म्हणायचा, "मला हुकूम आला की मी फिरवतो, बाई. माझ्या घरी तरी कुठं पाणी आहे?"

आता आमच्याकडची एक तऱ्हा सांगते. बाहेरच्या माणसाला पटणार नाही, पण आमच्या गल्लीत ती वेदवाक्यासारखी होती. ताजं पाणी आलं की घरातलं पाणी शिळं होतं. सकाळी ज्या पिंपातलं आपण गोड मानून प्यालो, तेच पाणी संध्याकाळी नळ आला की शिळं. मग ते पिंप, हंडे, कळशा सगळं रिकामं करायचं, घासायचं, विसळायचं आणि मग नवं भरायचं. शिळ्यात ताजं मिसळायचं नाही म्हणजे नाही. धरण कोरडं पडलेलं आणि आमच्या बाया पाणी ओतून देतायत! मी एकदा आईला म्हटलं, "अगं, पाण्याला काय वास मारतो का?" तर म्हणाली, "तुला लई कळतं. कालचा भात खाशील, कालचं पाणी पिऊ नये."

पण त्यात अडचण अशी, की नळ आला की घासायला सुरुवात व्हायची, आणि पाऊण तासातला निम्मा वेळ घासण्यातच जायचा. शेवटची कळशी भरता भरता धार बारीक व्हायची आणि आई नळाकडं असं बघायची की नळालाच लाज वाटावी.

त्या सुट्टीत माझ्यापुढं दुसरंच संकट होतं. सिल्लोडला मामाचं मेडिकल होतं. चालतं दुकान, बस स्टँडजवळ. पण मामा स्वतः काही फार्मसी शिकलेला नव्हता; कुणाच्या तरी सर्टिफिकेटवर दुकान चाललेलं. घरातलंच कुणी शिकून तिथं बसावं, ही त्याची इच्छा, आणि घरातलं म्हणजे मी. बारावी सायन्स, बायोलॉजी, शिवाय भाची. "दोन वर्षं डी.फार्म. कर, माझ्याकडंच राहा, पुढं दुकान तुझंच," असं तो प्रत्येक फोनवर म्हणायचा. मामा वाईट माणूस नव्हता, उलट माझ्यावर त्याचा फार जीव. म्हणून तर नाही म्हणायची पंचाईत. वडील वाळूजच्या कंपनीत शिफ्टवर जायचे, ते म्हणाले, "तुमचं बहीण-भावाचं तुम्ही बघा, मला मधी घेऊ नका." म्हणजे निकाल आईच्या हातात. आणि आईला भावाचा शब्द मोडणं म्हणजे पाप.

मला सिल्लोडला जायचं नव्हतं. मला कॉम्प्युटर शिकायचा होता. हे मला स्वतःलाच त्या सुट्टीत कळलं. रिकामी बसून काय करू म्हणून कॅनॉटच्या मार्केटमधल्या एका क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकायला जायला लागले होते. पहिल्या दिवशी निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, काय चाललंय काही कळेना. ओळीच्या शेवटचा एक सेमीकोलन राहिला की खाली चुकांची रांग. बाकीची पोरं वैतागायची. मला मात्र ते आवडलं, आणि का आवडलं ते सांगते. आमच्या घरात चूक झाली की आई दोन दिवस अबोला धरायची. चूक काय झाली ते आपणच ओळखायचं. इथं चूक झाली की मशीन लगेच सांगतं, अमुक ओळीत बघ. राग नाही, टोमणा नाही. ओळ दुरुस्त केली की सगळं विसरून कामाला लागतं. असा स्वभाव मी तोवर कुणाचाच पाहिला नव्हता. मी क्लासमध्ये चार वाजता बसायची ती सरांनी पंखे बंद केल्यावर उठायची.

क्लासमध्ये सर म्हणाले, प्रत्येकानं आपल्या घरी उपयोगी पडेल असं काहीतरी करून आणा. कुणी मार्कांची टक्केवारी केली, कुणी किराणा दुकानाचं बिल. मी म्हटलं, आपल्या घरी एकच प्रश्न आहे: नळ कोणत्या दिवशी येणार?

मागच्या सहा महिन्यांत नळ कधी कधी आला ते आईला विचारलं. "संकष्टीला आला होता. मग तुझ्या आत्याचं येणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. होळीला आला नव्हता, मेल्यानं होळीला सुद्धा सोडला नाही…" असं करत करत तिनं सगळं सांगितलं आणि मी कॅलेंडर घेऊन तारखा लावल्या. मग दोन नळांमध्ये किती दिवस गेले, त्यात वाढ कशी होत गेली, कुठल्या वारी पंपाची लाइट जाते, असं सगळं घालून प्रोग्राम लिहिला. फार काही ग्रेट नव्हता. पण शेवटी पडद्यावर एक वार यायचा. सोमवार. बस, एवढंच.

सोमवारी नळ आला.

आई म्हणाली, "योगायोग." पुढचा शनिवार सांगितला, शनिवारी आला. त्या वेळी नळ यायच्या आधीच तिनं भांडी घासून पालथी घातलेली मला दिसली. त्या दिवशी पहिल्यांदा आमचं सगळं भरून वर दोन बादल्या जास्तीच्या भरल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं तर आई म्हणाली, "आमच्या पोरीनं कॉम्प्युटरवर काढलंय." ती ते इतक्या सहज म्हणाली, की मी आत स्वयंपाकघरात उभी राहून हसत बसले. मला वाटलं, झालं! मामाचं मेडिकल गेलं. अजून एक वार खरा ठरू दे, मग आईशी बोलायचं.

जून लागला, निकाल लागला. मला चांगले मार्क पडले आणि मामाचा फोन आला, "गुरुवारी येतो. पोरीला घेऊन जातो, फॉर्म भरायचाय." आईनं "ये" म्हटलं. प्रोग्रामनं पुढचा नळ सांगितला होता, तो पण गुरुवारच. मी मनात म्हटलं, बरंच झालं. मामासमोरच नळ येऊ दे.

गुरुवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर गल्लीत वेगळाच प्रकार. काकूंनी गोधड्या काढल्या होत्या. समोरच्या मावशींनी पण काढल्या होत्या. नळ येणार, ही बातमी आईनं साऱ्या गल्लीला दिली होती, आणि नळ येणार म्हटल्यावर घरातलं पाणी शिळंच झालं की! मग ते वाया घालवण्यापेक्षा वर्षभराच्या गोधड्या धुऊन घेऊ. आपटल्याचे धपाधप आवाज, फेसाचे ओघळ, बायांच्या गप्पा. एरवी नळावर भांडणाऱ्या बाया त्या दिवशी एकमेकींच्या गोधड्या पिळू लागत होत्या. दुष्काळात असली चंगळ गल्लीनं कित्येक महिन्यांत केली नव्हती. आईनं तर घराखालचा हौदच धुवायला काढला होता. मला बघून म्हणाली, "बघत काय उभी राहतेस? तुझ्याच नळाची तयारी चाललीय."

तुझ्याच नळाची! मला इतकं बरं वाटलं ते काय सांगू.

दुपार झाली. गोधड्या भिंतींवर, गच्च्यांवर, लोखंडी गेटांवर पडल्या. घरोघरी घासलेली भांडी ओळीनं चकाकत बसली. चार वाजले, पाच वाजले. नळाची तोटी उघडून ठेवली होती. त्यातून हवासुद्धा येईना. साडेपाचला व्हॉल्व्हवाला सायकलवरून गेला आणि न थांबताच म्हणाला, "आज नाय. तिकडं पाइप फुटलाय. उद्याचंही नक्की नाय."

सगळी गल्ली एकदम बोलायला लागली. काकू आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "अहो, प्यायला घोटभर ठेवलं नाही मी! लेकराला काय पाजू?" कुणीतरी मागून म्हणालं, "कॉम्प्युटर म्हणे. पंचांग तरी बरं." आईनं पदर खोचला आणि आत जाऊन उगाचच रिकाम्या हंड्यावरचं झाकण नीट केलं. मला रडू फुटलं. पाइप फुटणार हे मला कुठून कळणार होतं? पण खरं दुःख त्याचं नव्हतं. मी पडद्यावर नुसता 'गुरुवार' लिहिला होता. 'बहुतेक' असं कुठं लिहिलंच नव्हतं. आणि मी वार सांगितला की लोक पाणी ओतून देतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नळाचा हिशोब केला, बायांचा केलाच नाही.

त्यात मामा आला. धुळीनं पांढरा झालेला, मोटारसायकलवरून तापून आलेला. गाडी लावली, ओसरीवर बसला, टोपी काढली आणि म्हणाला, "ताई, आधी पाणी दे."

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माहेरचा माणूस दारात आणि घरात तांब्याभर पाणी नाही! तिनं मला कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली आणायला पिटाळलं. मामानं ती बाटली हातात घेऊन इकडून तिकडून बघितली. "काय गं ताई, बहिणीच्या घरी विकतचं पाणी?" मग आईनं त्याला सगळं सांगितलं. प्रोग्राम, सोमवार, शनिवार, गोधड्या, पाइप, काही लपवलं नाही. मामा आधी हसला, आणि मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

"जाऊ दे गं," तो मला म्हणाला. "असतंय. पोरी, हे कॉम्प्युटरचं काही खरं नाय. गोळीच्या पाकिटावर तारीख छापलेली असते, ती चुकत नाय. चल, कपडे भर. सकाळी लवकर निघू."

मी उठले. खरंच उठले. भिंतींवरच्या ओल्या गोधड्या दारातून दिसत होत्या. सगळ्या गल्लीच्या. मी आत जाऊन पिशवी काढली आणि त्यात एक ड्रेस ठेवला.

बाहेर आई म्हणाली, "ती येत नाय."

मामा म्हणाला, "आँ?"

"येत नाय म्हटलं. तू रागावू नको. तुझ्या दुकानाला दुसरं कुणी बघू आपण. मी बघते."

"अगं पण ताई, आज तर बघितलंस ना तू काय झालं ते? सगळ्या गल्लीला तहानेनं मारलं हिनं!"

"व्हय, मारलं," आई म्हणाली. मी आतल्या दाराशी पिशवी घेऊन उभी होते, आणि तिला ते माहीत होतं, कारण तिनं आवाज जरासुद्धा खाली केला नाही. "पंधरा वर्षं झाली मला ह्या गल्लीत. माझ्या सांगण्यावरून एका बाईनं कधी तांब्याभर पाणी सांडलं नाय. हिच्या एका शब्दावर सगळ्यांनी हौद ओतले. ज्याचा शब्द एवढा चालतो, त्याला तो नीट शिकूनच बोलू दे."