देवाच्या नावाचा टोमॅटो

माझ्या वडिलांनी गावठी टोमॅटोचं बी आयुष्यभर सांभाळलं. बाजारातल्या गुळगुळीत टोमॅटोंना ते मनसोक्त नावं ठेवायचे. त्यांचा टोमॅटो चपटा, चुण्या पडलेला, पातळ सालीचा आणि झणकन लागेल असा आंबट. ते गेल्यावर पुडीत उरलेलं चिमूटभर बी मी चारकोपला आणलं आणि आमच्या तळमजल्याच्या घरामागे, वीतभर मातीत पेरलं.

उगवलं एकच रोप. फळं मात्र झकास धरली आणि माझ्या नवऱ्यातला उंदीर जागा झाला. सकाळी तो उगाच मागच्या दारी चक्कर मारी, नंतर मिठाची बरणी ओट्यावर उघडी सापडे. विचारलं तर म्हणे, "बुलबुल असेल गं." बुलबुल मीठ लावून खातात हे मला माहीत नव्हतं.

शेवटी एकच फळ राहिलं आणि झाडही सुकायला लागलं. बियांसाठी फळ झाडावरच चांगलं मऊ होऊ द्यावं लागतं. हेही गेलं असतं तर वडिलांचं बी कायमचं संपलं असतं. मी देठाला लाल दोरा बांधला आणि जेवताना जाहीर केलं, "ते फळ देवाच्या नावाचं आहे. कोणी हात लावायचा नाही." निदान देवाला तरी नवरा घाबरेल, असा माझा डाव. घाबरलाही. मिठाची बरणी बंद राहू लागली आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

सासूबाईंचा विचारच केला नव्हता. माघी गणपतीच्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर येते तो टोमॅटो देवापुढे, हळदकुंकू लावून बसलेला!

"देवाचा फळ झाडार कित्याक कुजवतंस?" सासूबाई त्यांच्या मालवणीत म्हणाल्या.

आरती झाली, सुरी फिरली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक फोड पडली. प्रसाद तो. टाकायची सोय नाही, बाजूला ठेवायचीही नाही.

"हातात काय धरून ऱ्हवलंस? खा गो."

फोड तोंडात टाकली. माझ्याच थापेपायी वडिलांचं बी आम्ही सगळे मिळून खात होतो. गर कसाबसा गिळला, बिया जिभेने गालात सरकवल्या.

"गोड आसा काय?"

तोंड न उघडता मी जोरजोरात मान हलवली आणि बेसिनकडे पळाले.

तिथे नवरा आधीच उभा. गाल फुगलेले, हातात चहाची गाळणी. त्याने वाकून अगदी जपून बिया गाळणीत सोडल्या, जिभेने दात चाचपून राहिलेली एक बीही काढली आणि गाळणी माझ्यापुढे धरली.

"टाक तुझ्या पण. बाबांचं बी आहे ना."

मी तोंड रिकामं केलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क रडले. स्वयंपाकघरात सासूबाई भांडी वाजवत विचारत होत्या, "अरे, गाळणी खंय गेली?"