आमच्या घरची तपासणारी

माझ्या भासऱ्यांची, म्हणजे थोरल्या दिरांची, मोठी मुलगी जगातल्या कोणत्याच वस्तूकडे साध्या डोळ्यांनी पाहू शकत नाही. तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवा. ती तो आधी उजेडात धरेल, त्याला कोणाकोणाची बोटे लागली ते बघेल, आणि मगच पाणी पिईल. आमच्या करडी गावात तिच्याएवढी भाग्यवान मुलगी दुसरी झाली नाही. हे मी या वहीत कबूल करते, तोंडाने कधी करणार नाही. माझी शाळा चौथीला सुटली, कारण पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता. ती मात्र नागपुरात पाच वर्षे शिकली, आणि शिकली काय, तर न्यायसहायक विज्ञान. हा शब्द मला पाठ करायला आठ दिवस लागले.

परीक्षा संपवून ती घरी आली तेव्हा साऱ्या गावाला एकच प्रश्न पडला, की ही आता होणार तरी कोण. शेजारची म्हातारी ओट्यावर येऊन बसली.

"पोरी, पोलीस होशीन का?"

"नाही आजी."

"मंग डाक्टर?"

"नाही."

"वकील तरी?"

"नाही. त्या तिघाइचं जिथं अडते, तिथं मले बोलावतीन."

म्हातारी म्हणाली, "म्हंजे मुडदेच धुवाचे नं बाई." मग ही बोटे मोडत सांगू लागली. सरकारी प्रयोगशाळेत विष तपासता येते, रक्त तपासता येते. बँकेत खोट्या सह्या ओळखता येतात. विमा कंपनीला सांगता येते, की दुकान आगीने जळले की मालकाने जाळले. मोबाईलमधून पुसून टाकलेले परत काढता येते. कोर्टात साक्ष देता येते, आणि काहीच नाही जमले तर कॉलेजात शिकवता येते. दोन्ही हातांची बोटे संपली तरी तिची कामे संपली नाहीत. मी आत कणीक मळत होते. मला निवडायला आयुष्यात एकच गोष्ट मिळाली, तांदूळ. त्या दिवशी कणकेत पाणी जास्त झाले.

तिचा स्वभाव असा, की ठाम असे ती काही बोलतच नाही. एकदा दुधावरची साय गेली. जाऊबाईंनी मांजराला झोडपायला लाकूड उचलले. हिने आईचा हात धरला, पेन्सिलीचे शिसे घासून त्याची भुकटी केली, ती दुधाच्या गंजावरच्या झाकणीवर भुरभुरवली आणि कुंच्याने हळूच झटकली. झाकणीवर ठसा उमटला.

"कोनाचा हाय?" जाऊबाईंनी विचारले.

"असं लगेच म्हनता येत नाही. एवढंच म्हनता येते, का मांजराले अंगठा नसते."

भासरे तेवढ्यात शेतावर निघून गेले. ते दुपारच्या जेवणालाही आले नाहीत.

दुसरी सवय कागदी पिशव्यांची. प्लास्टिकमध्ये ओली वस्तू कुजते म्हणून ती जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करायची, त्यात काहीबाही भरायची, आणि वर तारीख, जागा अन् कोणाकडून मिळाले ते लिहायची. एका पिशवीवर 'आई, उशी, पांढरा केस' असे लिहिलेले जाऊबाईंनी पाहिले आणि दोन दिवस लेकीशी अबोला धरला. सगळ्यात जास्त पिशव्या मातीच्या होत्या, तलावाच्या पाळीची, रस्त्याची, आमच्या धानाच्या एकेका बांधीची. चोराच्या चपलेची माती कुठली, हे त्यावरून कळते म्हणे. मी सहज बोलून गेले, की ही माती खालच्या बांधीची आहे, वरची पायाला एवढी चिकटत नाही. तिने तीन दिवस चाळण्या लावल्या, पाण्यात ढवळले, वाळवले, आणि मग म्हणाली, "काकू, तू बरोबर होती. तुले कसं समजलं?"

तीस वर्षे रोवणी केली, तर समजणार नाही का? तिने माझे नाव पिशवीवर लिहिले तेव्हा मला आनंद झाला, आणि त्याच्या दुप्पट पोटात जळले. तेच ज्ञान माझ्या पायाला होते, तर मी चिखलात. तिच्या वहीत आले, तर तिला टेबल खुर्ची.

या सगळ्याला वर्ष झाले. सरकारी प्रयोगशाळेच्या परीक्षा देऊन झाल्या, मुलाखत झाली, पण नोकरीचे पत्र येईना. तुमसरच्या एका राईस मिलवाल्यांनी तिला पसंत केले होते. मुलगा चांगला होता, पण सुनेने असले काम करायचे नाही, अशी त्यांची अट होती. भासऱ्यांनी तिला सांगितले, "रविवारी ते सुपारी फोडाले येतीन. तोवर तुया कागद आला तर ठीक. नाही तर माया शब्द आयक." ती म्हणाली, "आयकीन बाबा."

गुरुवारी पोस्टमन आला तेव्हा घरी मी एकटी होते. मी पाकीट घेतले. तिचे नाव वाचले, नागपूर वाचले, आणि मला समजले. पुढे मी जे केले, ते का केले, हे अजूनही नीट लिहिता येत नाही. पाकीट घेऊन मी आतल्या खोलीत गेले, आणि धानाच्या मोठ्या बांबूच्या ढोलीत हात कोपरापर्यंत खुपसून ते खाली ठेवून दिले. मनात म्हटले, हिलाही एकदा चुलीपाशी बसू दे.

शनिवारी दुपारी ती परसात बसून पिशव्या रिकाम्या करत होती. रडत नव्हती. माती वाफ्यात ओतायची, कागदाची नीट घडी घालायची आणि माझ्याकडे द्यायची.

"घे काकू, चूल पेटवाले होतीन."

माझ्या नावाची पिशवीही तिने तशीच दिली. तो कागद मी चुलीपर्यंत नेला, पण आत घालवेना. मग ढोलीत परत हात घातला, पदराने पाकीट पुसले, आणि बाहेर ओट्यावरच्या वर्तमानपत्रात ठेवून आले.

संध्याकाळी भासऱ्यांना ते सापडले. ती धावत आली. पण सवय कुठे जाते? तिने पाकीट आधी उजेडात धरले, वास घेतला, कोपऱ्यातून नखाने तूस काढले.

"हे धानात ठेवलं होतं," ती म्हणाली.

भासरे म्हणाले, "पोस्टमनच्या घरी बी धान असन. ह्या जिल्ह्यात बिगर धानाचं घर दाखव मले."

तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या डाव्या हाताला कोपरापर्यंत तुसाची खाज सुटली होती, आणि मी तो पदराखाली खाजवत होते.

"खरं हाय बाबा," ती म्हणाली. "पुरावा टिकत नाही."

मग तिने पाकीट फोडले आणि पत्र माझ्या हातात दिले. "काकू, तू वाच."

भासऱ्यांसमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. पण वाचले, अडखळत, बोट ठेवून. न्यायसहायक हा शब्द तेवढा एका दमात निघाला. भासरे ऐकत राहिले, मग उठून तुमसरला फोन लावायला बाहेर गेले. त्या रिकाम्या पाकिटालाही तिने एक पिशवी केली आणि वर तारीख लिहिली. कोणाकडून, ती जागा कोरी सोडली.

तिला नागपूरच्या एस.टी.त बसवायला आम्ही सगळेच भंडाऱ्याला गेलो होतो. तिने मला काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. आता ती रविवारी फोन करते आणि आठवडाभर काय काय तपासले ते सांगते. ज्याचे सांगता येत नाही त्याचे सांगत नाही. तिच्या टेबलाशेजारी एक मुलगी बसते म्हणे. डबा दोघी मिळून खातात, आणि ही दिवसभर तिला काहीतरी दाखवत असते, हे बघ, ते बघ. भासऱ्यांच्या मुलीचा हेवा मला आता पहिल्यासारखा वाटत नाही. त्या शेजारच्या मुलीचा वाटतो.