चौथा आवाज

अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आमच्या शेजारच्या काकू औषधांच्या लॅबमध्ये काम करतात. कुठेही गाणं लागलं की त्या बोलता बोलता थांबतात आणि मान तिरकी करून ऐकतात. आयर्लंडच्या चार मुलींचा एक ग्रुप इथल्या छोट्याशा बारमध्ये गायला होता, तेव्हापासून काकू त्यांच्या फॅन आहेत. आता त्या मुली मोठमोठ्या हॉलमध्ये गातात.

मागच्या महिन्यात काकू मला त्या मुलींच्या कार्यक्रमाला घेऊन गेल्या. हॉल खच्चून भरला होता, पण काकू अस्वस्थ दिसत होत्या.

"काय झालं, काकू?"

"अगं, डावीकडची गातेय, पण ऐकूच येत नाहीये. बाकीच्या फेमस झाल्या आणि ही मागे पडत चाललीये."

गाणं संपताच त्या गर्दीतून वाट काढत साउंडवाल्याकडे गेल्या. त्याने आधी नकारार्थी मान हलवली. काकू तिथून हलल्या नाहीत. शेवटी त्याने समोरचं एक बटण वर सरकवलं.

पुढच्या गाण्यात एक जाडसर, उबदार आवाज ऐकू आला. काकूंकडे त्यांची गाणी इतक्यांदा ऐकूनही मला तो कधी जाणवलाच नव्हता.

"त्याला काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, माझी भाची आहे ती," काकू शांतपणे म्हणाल्या.