मतदानानं ठरलेलं काजळ

नातीनं निळा नळ सोडला आणि किंचाळली. तिचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, उजव्यातून काळं पाणी गालावर ओघळत होतं, आणि वर नळातून कढत पाणी पडलं. मस्कतला जून महिन्यात दुपारी थंड नळाला असंच पाणी येतं, कारण टाकी गच्चीवर उन्हात असते. म्हणून उन्हाळ्यात इथली सगळी माणसं गीझर बंद ठेवतात आणि गरम पाण्याचा तांबडा नळ थंड म्हणून वापरतात. नातीचा जन्म इथला, तिला हे माझ्याहून जास्त माहीत. पण डोळ्यात आग पडली की माणूस निळ्या नळाकडेच धावतं. मी तिची मान धरून तोंड तांबड्या नळाखाली दाबलं. ती हातपाय झाडत होती. एका हातात मोबाईल होता, तो मात्र सोडत नव्हती.

"आजी, रेकॉर्डिंग ऑन आहे, आधी ते बंद कर."

"रेकॉर्डिंग गेलं चुलीत. डोळा उघड."

डावा उघडला. उजवा उघडेना.

घरात आम्ही दोघीच. मुलगा साइटवर, सून ऑफिसात, दोघांचे फोन लागत नव्हते. अल् घुब्राच्या या फ्लॅटमध्ये मी चार भिंती आणि एक एसी यांच्या सोबतीनं दिवस काढते. रस्त्यावर एकटी कधी गेले नाही, गेले तरी कुणाशी काय बोलणार?

हे सगळं झालं काजळापायी. काजळ मी घरी धरते. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालायची, काजळी खरवडायची, धुतलेल्या तुपात घोटायची. माझ्या आईनं असंच धरलं, मी असंच धरलं. त्यात गुपित काही नाही. पण नातीच्या मोबाईलवर कुठल्याशा सौंदर्याच्या कंपनीनं विचारलं होतं की तुमच्या आजीचं गुपित पाठवा, लोक मत देतील, जिंकेल ते आम्ही डबीत भरून विकू.

नातीनं माझा व्हिडिओ काढला. एकदा काढून भागलं नाही. मी ताटली पुन्हा पुन्हा पालथी घातली, शेवटी धुरानं छतावरची घंटा वाजायला लागली आणि वॉचमन धावत वर आला. त्याला वाटलं, म्हातारीनं घर पेटवलं. एवढं करून व्हिडिओ झाला अर्ध्या मिनिटाचा. खाली बायकांनी लिहिलं, आजी किती गोड. मी गोड नाही. माझी सून सांगेल.

मग कंपनीतल्या मुलीचा निरोप आला. आजींनी मोठं कुंकू लावून आणि नथ घालून पुन्हा व्हिडिओ द्यावा, लोकांना तसं आवडतं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात कुंकू लावत नाहीत, नथ मी उभ्या जन्मात घातली नाही. नातीनं भीत भीत विचारलं. मी म्हटलं, "काजळ डोळ्यात घालतात, नाकात नाही. सांग त्यांना."

तिनं ते तसंच्या तसं लिहिलं, आणि त्यालाही लोकांनी बदाम पाठवले.

नंतर जे सुरू झालं ते पाहून माझं डोकं फिरलं. डबीचा आकार लोकांनी ठरवला. नाव लोकांनी ठेवलं, 'आजीचं काजळ'. डबीवर कुठल्या आजीचं तोंड छापायचं यावरही मतं घेतली, आणि मी हरले. जिंकली ती एक गोरीपान म्हातारी, नथवाली. तिनं जन्मात काजळ धरलं असेल की नाही, कुणास ठाऊक. या कंपनीकडे स्वतःचं होतं काय? कृती माझी, नाव लोकांचं, आकार लोकांचा, तोंड तिसरीचं. आणि पैसे मोजून विकत घ्यायचं तेही लोकांनीच. असला धंदा आमच्या गावच्या बाजारात कुणी केला असता तर बायकांनी पाट्या उलथ्या केल्या असत्या.

पण नात खूश होती. शाळेत ती कुणाच्या गणतीत नव्हती. रंगानं माझ्यावर गेलेली, बोलायला हळू. मुली आपापसांत इंग्रजी फाडतात, तीही फाडते, पण तिच्याशी कुणी फाडत नव्हतं. व्हिडिओ आला आणि मुली घरी यायला लागल्या. माझ्या हातचे पोहे खाऊन माझ्याबरोबर फोटो काढायच्या. म्हणून मी गप्प बसले.

शेवटचं मत होतं काजळात काय घालावं यावर. गुलाब, पुदिना, की काहीच नको. पुदिना जिंकला. इथल्या उकाड्यात ज्याला त्याला थंड काहीतरी हवं. 'काहीच नको'ला मतं पडली ती मोजायलाही कुणी थांबलं नाही. मी नातीला म्हटलं, पुदिना चटणीत घालतात बाई, डोळ्यात नाही. डोळ्याला काय चालतं हे काय ग्रामपंचायत आहे, हात वर करून ठरवायला?

ती म्हणाली, "पण आजी, एवढ्या लोकांनी चूज केलंय. सगळे चुकतील का?"

डबी बाजारात जायच्या आधी एक नमुना तिला आला. तो पहिल्यांदा घालतानाचा व्हिडिओ तिनं द्यायचा होता. माझी ताजी डबी कपाटात होती. मी सांगितलं, कॅमेऱ्यापुढे तुझी डबी धर आणि डोळ्यात माझं घाल. ती म्हणाली, ते चीटिंग होतं. मी कुकर लावायला गेले. शिट्टीच्या आधी किंकाळी आली.

पाण्यानं डोळा उघडेना तेव्हा मी तुपाची वाटी आणली. तेवढ्यात आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधली बाई आली. रत्नागिरीकडची, मुसलमान, नवऱ्याचं दुकान आहे इब्रीला. माझं बोट तुपात, नातीच्या पापणीशी. तिनं माझं मनगट धरलं.

"आजी, आता काय घालू नका. जे घातलं तेच पुरे झालं. यल्ला, चला खाली, गाडी काढते मी."

गाडीत नात माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, मी आंधळी होणार का? शेजारीण म्हणाली, इन्शाल्ला काही होणार नाही. मी तिचे हात डोळ्यापासून लांब धरून बसले. मला काय माहीत होतं?

डॉक्टरीण मल्याळी, हिंदीत बोलली. बुबुळ पोळलंय, वर चोळून जखम झालीय. औषध घालून पट्टी बांधली. मग तिनं मलाच विचारलं, घरातलं काजळ कशाचं? मी सांगितलं. ती म्हणाली, तेसुद्धा बंद करा, धुराची काजळी डोळ्यात घालायची वस्तू नाही. मी म्हटलं, मी जन्मभर घातलंय. तिनं माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, मोतीबिंदू कधी काढला? शेजारीण हसली. मला त्या बाईचा रागच आला, अजून आहे.

दोन दिवसांनी नातीनं पट्टी बांधलेला फोटो मोबाईलवर टाकला. कंपनीचा लगेच निरोप, तुमची काळजी आम्हाला आहे, पण हे सगळ्यांसमोर नको, आम्हाला एकट्यात लिहा. तिनं फोटो काढून टाकला नाही, हे बरं केलं. पण खाली बायकांचा पूर आला. एक म्हणे डोळ्यात मध घाला, एक म्हणे गुलाबपाणी, एक म्हणे धन्याचं पाणी, कुणी तर बाळंतिणीचं दूध सांगितलं. ज्यांनी पुदिना घातला त्याच आता मलम सांगत होत्या. नात एकेक मोठ्यानं वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"आजी, हे तू ठेव. माझा डोळा दुखतो."

पुढं कंपनीनं पुदिना काढून टाकला आणि पुन्हा मतं मागवली, पुदिन्याच्या जागी काय घालू?

पट्टी निघाली. बुबुळावर बारीकसा डाग राहिला आहे. तिला वाचता येतं, पण उन्हात त्या डोळ्याला पाणी येतं, आणि इथं उन्हाशिवाय दुसरं आहे काय? शाळेतल्या मुली येईनाशा झाल्या. डबी दुकानात आली आहे, वर नथवाली म्हातारी हसते आहे. त्या दुपारी नळाखाली ती नव्हती, मत देणाऱ्यांपैकीही कुणी नव्हतं. डोळा माझ्या नातीचा होता, आणि तिची मान धरून मी उभी होते.